अंदमानच्या सहलीचा शेवटचा दिवस आणि पाऊस : नव्या टूर मॅनेजरला पत्र

चि. मुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

अंदमानला तू पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर मंडळी घेऊन निघणार आहेस, आणि तेही ऐन दिवाळीच्या सुट्टीत, हे वाचून आनंद झाला. सहलीच्या शेवटच्या दिवशी पावसाने धरले तर चाळीस माणसांचे काय करायचे, असे तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस. तुझ्या बाकीच्या शंकांची उत्तरे कार्यालयात कोणीही देईल, म्हणून मी या एकाच प्रश्नाबद्दल सविस्तर लिहितो.

आधी त्या बेटांवरचा पाऊस समजून घे. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळात पोहोचण्याच्याही आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, अंदमानात दाखल होतात आणि ते मागे फिरले की ईशान्येचे वारे पुन्हा पाऊस घेऊन येतात. त्यामुळे वर्षाकाठी साधारण ३००० मिलिमीटर पडणारा हा पाऊस मुंबईसारखा चार महिन्यांत उरकत नाही, तर डिसेंबरपर्यंत अधूनमधून हजेरी लावत राहतो. त्यातच ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ आहे, आणि आपली मंडळी नेमकी तेव्हाच घराबाहेर पडतात. म्हणूनच तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या सकाळी खिडकीतून आभाळाकडे पाहत शोधायचे नसते. कार्यक्रम आखतानाच ते ठरलेले असावे लागते.

नेहमीच्या कार्यक्रमात पहिल्याच दुपारी सेल्युलर जेल दाखवून घेतात, मग स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप होतात, आणि शेवटच्या दिवसासाठी नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप व नॉर्थ बे यांची बोटीची सफर उरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हा क्रम उत्तम चालतो. पावसाच्या महिन्यांत मात्र तू तो उलटा करावास, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गोष्टींना शांत समुद्र लागतो त्या आधी उरकाव्यात आणि ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे त्या शेवटासाठी राखाव्यात. वारा वाढला की सर्वांत आधी बंद होतात त्या या लहान बोटीच, आणि ज्या मंडळींनी आठवडाभर प्रवाळ पाहण्याची वाट पाहिली त्यांना शेवटच्या सकाळी धक्क्यावरून परत फिरवणे फार जड जाते. काही ज्येष्ठ मंडळी विमानातून उतरताच तात्यारावांची (सावरकरांची) कोठडी कधी दाखवणार, असे विचारतील. त्यांना हे कारण मोकळेपणाने सांग. ते समजून घेतात. तुरुंगातील ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम तेवढा उघड्या अंगणात होत असल्यामुळे पहिल्या कोरड्या संध्याकाळीच पाहून घ्यावा.

विमानाच्या आदल्या रात्री सगळी मंडळी पोर्ट ब्लेअरमध्येच असली पाहिजेत, यात कोणतीही तडजोड करू नकोस. (शहराचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले असले, तरी मंडळींच्या तोंडी जुनेच असणार.) स्वराज द्वीपाचा किनारा सुंदर आहे, तिथे आणखी एक रात्र राहू आणि सकाळच्या बोटीने थेट विमान गाठू, असा हट्ट कोणीतरी धरतेच. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे बोटी थांबल्या तेव्हा त्या बेटावर आणि शेजारच्या शहीद द्वीपावर, म्हणजे तेव्हाच्या हॅवलॉक आणि नीलवर, शेकडो पर्यटक अडकून पडले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती. एवढे सांगितले की हट्ट बहुधा विरतो.

आदल्या रात्रीच्या जेवणानंतर उद्याचा बेत स्पष्ट शब्दांत सांग. ‘सकाळी बघू या’ हे आपल्या धंद्यातले सर्वांत महाग वाक्य आहे, कारण त्याच्या भरवशावर लोक पोहण्याचे कपडे वर ठेवून झोपतात आणि सकाळी तुझ्याशी भांडतात. बोट रद्द झाली असेल तर रद्द झाली असे म्हणावे. पैशांच्या परताव्याबद्दल कंपनीने लेखी दिले असेल तेवढेच सांगावे, आपल्या मनाचे आश्वासन देऊ नये.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे येतो. सकाळची वेळ पूर्णपणे सेल्युलर जेलला दे. तिथे इतरत्र देतात तसा तास-दीड तास देऊ नकोस, निदान तीन तास राखून ठेव. १८९६ मध्ये बांधायला घेतलेली आणि १९०६ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू मधल्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात तिमजली इमारतींची होती. आज त्यांपैकी तीनच उभ्या आहेत. कोरड्या दिवशी गर्दी अंगणात फोटो काढून पुढे सरकते. पावसात मात्र मंडळींना कोठड्यांसमोरच्या लांब व्हरांड्यातच थांबावे लागते, आणि तिथे थांबल्याशिवाय त्या रचनेतला क्रूरपणा ध्यानात येत नाही. एका इमारतीच्या कोठड्यांची दारे पुढच्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून आहेत, म्हणजे दारातून पाहणाऱ्या कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचा चेहरा कधीही दिसू नये. साधारण साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद अशा एका कोठडीत चार-चार जणांना आत पाठव आणि बाकीच्यांना बाहेर थांबू दे. उजेड येतो तो छताजवळच्या झरोक्यातून, हे त्यांचे त्यांना पाहू दे; तू बोलू नकोस.

सावरकरांच्या कोठडीपाशी आपली माणसे रेंगाळणार आणि रेंगाळू द्यावीत. १९११ मध्ये त्यांना इथे आणले आणि १९२१ मध्ये परत मुख्य भूमीवर नेले, त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण तिथूनच परत फिरू नकोस. कोलूला, म्हणजे घाण्याला, जुंपून तेल काढण्याच्या शिक्षेचे दृश्य जिथे मांडले आहे तिथे थांब, आणि १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालताना ज्यांचे प्राण गेले त्या महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा यांची नावे मोठ्याने घे. आपल्यापैकी फार थोड्यांनी ती ऐकलेली असतात. १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण झालेली ही वास्तू एका प्रांताची किंवा एका माणसाची नाही, हे भाषण न करता पोहोचवायचे असेल तर या नावांचा मोठा उपयोग होतो. जिने ओले असतात. गुडघे दुखणाऱ्यांना वर जाण्याचा आग्रह करू नये आणि त्यांच्याबरोबर खालच्या दालनात थांबणारा एक जण आधीच ठरवून ठेवावा.

दुपारी मानवशास्त्र संग्रहालय आणि नौदलाचे ‘समुद्रिका’ यांपैकी एकच निवड, कारण भिजलेली आणि जेवलेली माणसे दोन संग्रहालये सहन करत नाहीत. साप्ताहिक सुट्टीचा वार स्थानिक एजंटाकडून आधीच विचारून घे. लाकडाची आवड असलेले कोणी असतील तर १८८३ मध्ये सुरू झालेली चॅथमची लाकूड गिरणी त्यांना दाखव. अंदमानच्या पडौक लाकडाचा लाल रंग ओल्या हवेत अधिकच खुलतो, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पाऊस तासभर थांबला की कोणीतरी कॉर्बिन्स कोव्हला जाऊन निदान पाय बुडवून येऊ, असे सुचवील. किनाऱ्यावरून चालायला हरकत नाही, पण पाण्यात कोणालाही उतरू देऊ नकोस. पावसानंतर ओढ्यांचे गढूळ पाणी समुद्रात मिसळते, लाटांची ओढ वाढते, आणि या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. इशाऱ्याचे फलक शोभेसाठी लावलेले नाहीत. त्याऐवजी सरळ बाजारात न्यावे. तिथे मात्र दोन गोष्टी बजावून सांग. शिंपल्यांच्या वस्तू ‘सागरिका’ या सरकारी दुकानातून किंवा पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्याव्यात आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवावी. किनाऱ्यावर उचललेला प्रवाळाचा तुकडा मात्र कोणाच्याही बॅगेत राहता कामा नये, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. नातवासाठी मूठभर वेचून घेतलेल्या आजोबांना हे सांगणे अवघड जाते. ते आदल्या रात्री सगळ्यांना मिळून सांगितले की कोणा एकाकडे बोट दाखवावे लागत नाही.

अंदमानात दिवस लवकर मावळतो आणि ढगाळ हवेत तर पाचलाच दिवे लागतात. त्या संध्याकाळी लोकांना थोडे मोकळे सोड. हाऊजी हा माझ्या मते अगदी शेवटचा उपाय आहे. गरम भजी आणि चहा मिळाला की मंडळी एकमेकांचे घरचे पत्ते लिहून घेतात, फोटो पाठवतात आणि त्यांना तुझी गरज राहत नाही. तो वेळ तू सामानाकडे लक्ष देण्यात घालव. देशांतर्गत विमानात बहुतेक ठिकाणी १५ किलोंचीच मुभा असते आणि ओले कपडे, टॉवेल व नारळ मिळून ती सहज ओलांडली जाते. ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकच्या पिशव्या मुंबईहूनच घेऊन जा. खोल्या सकाळीच सोडाव्या लागणार असतील, तर पावसात भिजून आलेल्यांना कपडे बदलण्यासाठी दोन खोल्या संध्याकाळपर्यंत राखून घे. त्याचा खर्च कंपनी मंजूर करते, पण आधी विचारले तरच.

शेवटी विमानाबद्दल. दाट पावसात विमान उतरू न शकल्यास ते चेन्नई किंवा कोलकात्याकडे वळवले जाते, आणि मग पुढचे जोडविमान हुकते. म्हणून शक्य असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत आणि मध्ये भरपूर तास असावेत. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या सर्वांनी दोन दिवसांच्या जास्तीच्या हातपिशवीत ठेवल्या आहेत ना, हे निघण्यापूर्वी एकेकाला विचारून खात्री करून घे. कार्यक्रमाचा कच्चा आराखडा झाला की मला पाठव. बोटींचे दिवस एकदा पाहून देईन.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
काका