जुना निकॉन डी९० विकून छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यावा का? माझ्या जुन्या लेन्स, १८-१०५ आणि ५० एमएम १.८ डी, त्यावर चालतील का?

घ्या, पण आधी लेन्स टेबलावर काढून ठेवा आणि त्यांच्यावरची अक्षरं वाचा. तुम्ही १८-१०५ आणि ५० एमएम १.८ डी असल्याचं लिहिलंय. नेमक्या ह्याच दोन लेन्स माझ्याकडेही होत्या आणि मी दोन्हींच्या बाबतीत चुकलो.

डी९० बॅटरी-कार्डासकट साधारण सातशे ग्रॅम, त्यावर १८-१०५ चे ४२०. ठाण्यात पाडव्याच्या शोभायात्रेत सकाळभर गळ्यात घेऊन फिरलं की दुपारी मान धरायची. म्हणून निकॉनचाच मिररलेस झेड५० घेतला, तो बॅटरी-कार्डासकट ४५० ग्रॅम. पैसे वाचवायला नुसती बॉडी घेतली, जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसवायला मधे लावायचा एफटीझेड अडॅप्टर घेतला. आता हिशोब करा: ४५० अधिक अडॅप्टरचे १३५ अधिक लेन्सचे ४२०, म्हणजे १००५. एवढा खटाटोप करून वाचले जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम! वर पुढचा भार वाढल्याने कॅमेरा सारखा नाकावर पडल्यासारखा झुकायचा. झेडची स्वतःची १६-५० लेन्स १३५ ग्रॅमची आहे, म्हणजे अडॅप्टरएवढीच. ती लावली तेव्हा कुठे कॅमेरा ऑफिसच्या सॅकमध्ये डब्याशेजारी मावायला लागला.

दुसरी चूक ५० डी ची. दुकानदार म्हणाला, ‘सगळ्या लेन्स चालतात.’ बसते खरी, उजेडाचं मोजमापही नीट होतं, पण ऑटोफोकस होत नाही. ह्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही. डी९० च्या बॉडीतली मोटर ती फिरवते. झेड५० मध्ये ती मोटर नाही आणि अडॅप्टरमध्येही नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असेल तर मोटर लेन्समध्येच असते आणि ऑटोफोकस मिळतो. तुमची १८-१०५ एएफ-एस आहे, तिची काळजी नको. ५० डी ला हाताने फोकस करावा लागतो. फोकसमध्ये आलेल्या भागाच्या कडा पडद्यावर रंगीत दिसतात, त्यामुळे स्थिर विषयाला जमतं. धावणाऱ्या पोरांच्या मागे नाही जमत.

फोटोंबद्दल फार आशा ठेवू नका. दोन्हींचा सेन्सर जवळपास एकाच आकाराचा आहे, भर उन्हातल्या फोटोत फरक शोधावा लागेल. संध्याकाळी तलावपाळीवर मात्र मिररलेस सरस, आणि माणसाच्या डोळ्यावर आपोआप फोकस धरणं ही चैन वेगळीच. व्हिडिओत तर तुलनाच नाही. डी९० ला रेकॉर्डिंग चालू असताना ऑटोफोकस करताच येत नाही, हातानेच फिरवावा लागतो.

बॅटरी मात्र दोन घ्याच. डी९० ची एका चार्जला ८५० फोटोंची, झेड५० ची तीनशेच्या आसपास.

ऐरोलीला बोटीतून फ्लेमिंगो टिपायचे असतील तर झेडची लांबचं टिपणारी ५०-२५० लेन्स घ्या (४०५ ग्रॅम) आणि ती घरूनच लावून निघा. पुढे आरसा नाही, शटरही उघडं, त्यामुळे लेन्स काढली की सेन्सर थेट खाडीच्या वाऱ्यात.

जुना संच विकायचा असेल तर पावसाळ्याआधी विका. आपल्याकडच्या दमट हवेत बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि काचेवर जाळी दिसली की गिऱ्हाईक निम्म्या किमतीलाही घेत नाही. तोवर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.