कोळी चावला असं वाटलं तर

टेकडीवर कोळी बघायला नव्यानं जाताय, तर आधी भीती थोडी कमी करा. पुण्यातल्या घरांत भिंतीवर दिसणारा मोठा, चपटा कोळी विषारी म्हणून मारण्यासारखा नाही. उलट तो झुरळं खातो. सकाळी अंगावर लाल पट्टा उठला की ‘कोळी मुतला’ म्हणतात. पावसाळ्यात तो बहुधा अंगावर चिरडलेल्या छोट्या किड्याच्या रसाचा भाजल्यासारखा डाग असतो, नाहीतर नागीण हा त्वचेचा आजार.

खरंच चावलंच, तर:

- साबण-पाण्यानं धुवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं ठेवा, १० मिनिटं काढा.
- सुजेच्या कडेनं पेनानं रेघ मारून वेळ लिहा. सूज रेघेबाहेर गेली की लगेच कळतं.
- धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते तपासा.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे वर दोरी आवळणं, ब्लेडनं चिरणं, चुना लावणं. यानं फक्त जखम चिघळते. सर्पदंशाची लस मागू नका, कोळ्याच्या विषावर ती चालत नाही.

घाम, उलट्या, पोटात पेटके, श्वास जड होणं, किंवा लहान मूल असेल तर थांबू नका, १०८ लावा. हातपाय गार पडून दरदरून घाम फुटला तर लाल विंचवाचा संशय डॉक्टरांना सांगा, त्यावर प्राझोसिन देतात. पापण्या जड झाल्या तर कोळी नाही, मण्यार या विषारी सापाचा संशय सांगा. तिचा दंश दुखतही नाही, म्हणून लोक झोपून राहतात.

बूट रोज उलटे आपटूनच घाला. कुंड्या, विटा, लाकडं हलवताना जाड हातमोजे हवेतच. बाकी कोळ्यांच्या जाती ओळखणं नंतर.