एमजीबीचे बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून नळ्यांचे हेडर बसवावे का?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे: आपण इंग्लंडमध्ये राहता, आपल्याकडे 1970 ची एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, इंजिन मूळ 1798 सीसीचे असून त्यावर एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) आहेत. बिडाचे मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा ओतीव भाग) काढून तेथे स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचे हेडर बसवावे, त्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी आणि मागे मोठ्या व्यासाचा पाइप टाकावा, असा आपला विचार आहे. त्याने ताकद किती वाढेल आणि काय काळजी घ्यावी, हे आपण विचारले आहे. बाकीचे इंजिन कारखान्यातून आले तसेच असेल, तर नुसत्या हेडरने रस्त्यावर जाणवेल असा फरक पडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही बसवायचे असेल, तर नळ्यांच्या निवडीपेक्षा फ्लँज (नळ्या इंजिनाला जोडणारी सपाट पट्टी), पॅकिंग (सांध्यातला गॅस्केट) आणि उष्णता या तीन गोष्टींकडे अधिक लक्ष द्यावे लागेल.

एमजीबीचे इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातले आहे. जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसॅडरचे बॉनेट ज्यांनी उघडून पाहिले आहे त्यांना या इंजिनाची ठेवण ओळखीची वाटेल, कारण त्या गाडीतले 1489 सीसीचे इंजिन याच घराण्यातले होते. सिलिंडर चार असले तरी हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) एकाच बाजूला मिळून पाचच पोर्ट (वाटा) आहेत: इंधन-हवेच्या मिश्रणासाठी दोन आणि धुरासाठी तीन. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला धुराचा पोर्ट स्वतंत्र आहे, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरला मधला एकच पोर्ट वाटून घ्यावा लागतो. ही वाटणी लोखंडाच्या आत, हेडमध्येच झालेली असल्यामुळे बाहेर कितीही सुबक नळ्या लावल्या तरी ती बदलत नाही. चार नळ्या एकत्र येणारे जे हेडर इतर गाड्यांवर दिसते, ते या इंजिनावर बसूच शकत नाही. येथे तीनच नळ्या असतात.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, 1-3-4-2 असल्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या धुराचे झोत एकमेकांपासून क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) 360 अंशांवर येतात, म्हणून एका पोर्टात राहूनही त्यांची फारशी अडचण होत नाही. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे अंतरही तेवढेच असते. त्यामुळे बाहेरच्या दोन नळ्या आधी एकत्र आणून मधली नळी लांबपर्यंत स्वतंत्र ठेवण्याची जी रचना 'लाँग सेंटर ब्रँच' या नावाने विकली जाते, ती तर्काला धरून आहे आणि हेडर घ्यायचेच झाले तर मी तीच घेईन. खरी गर्दी मिश्रणाच्या बाजूला होते. तेथे पहिला व दुसरा सिलिंडर एका पोर्टावर आणि तिसरा व चौथा दुसऱ्या पोर्टावर आहेत, आणि या जोड्यांतले दोन सिलिंडर 180 अंशांच्या अंतराने लागोपाठ मिश्रण ओढतात. एकाचा घास दुसऱ्याने पळवावा असा प्रकार तेथे चालतो, आणि त्यावर एक्झॉस्टच्या बाजूने काही उपाय नाही.

मूळ बिडाचे मॅनिफोल्डही वाटते तेवढे मागासलेले नाही. त्याला खाली दोन तोंडे आहेत, त्यांना दुहेरी डाउनपाइप लागतो आणि तो पुढे जाऊन एक होतो. म्हणजे धूर डब्यासारख्या एकाच पोकळीत कोंबण्याचा जुना प्रकार येथे नाही. सुमारे 95 अश्वशक्तीच्या, मिनिटाला 5400 फेऱ्यांच्या आसपास कमाल ताकद देणाऱ्या इंजिनाला ते पुरेसे मोकळे आहे. हेड मोकळे करून घेतले असेल, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला असेल आणि इंजिन वरच्या फेऱ्यांत वापरायचे असेल, तेव्हा मात्र हिशेब बदलतो आणि हेडरचे पैसे वसूल होऊ लागतात.

लांबीविषयी विक्रेते बरेच काही सांगतात, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट नळीतून निघते, नळ्या जेथे एकत्र येतात तेथून उलट फिरते आणि व्हॉल्व्ह बंद होण्याच्या सुमारास परत पोहोचली तर उरलेला धूर ओढून काढायला मदत करते. तापलेल्या धुरात लाटेचा वेग सेकंदाला 500 मीटर धरू आणि तिने क्रँकच्या 120 अंशांत परतावे असे मानू. 5000 फेऱ्यांना एक फेरी 12 मिलिसेकंदांत होते, म्हणजे 120 अंशांना 4 मिलिसेकंद. तेवढ्यात लाट 2 मीटर धावते, म्हणून नळी सुमारे 1 मीटरची हवी. हाच हिशेब 3000 फेऱ्यांसाठी केला तर नळी 1.6 मीटरच्या पुढे जाते. आकडे ढोबळ आहेत, पण एक लांबी एकाच पट्ट्यात काम करते, एवढे त्यातून निश्चित कळते. गावातून आणि आडरस्त्यांवरून 2000 ते 3500 फेऱ्यांत चालणाऱ्या गाडीवर शर्यतीसाठी आखलेले आखूड हेडर बसवले, तर त्याचा उपयोग आपण क्वचितच जाल अशा फेऱ्यांत होईल. मागचा पाइप मोठा करण्याबद्दलही हेच म्हणता येईल: मूळ व्यास या इंजिनाला पुरतो, आणि त्यापेक्षा मोठ्या पाइपने मुख्यतः आवाज वाढतो.

आता बसवण्याकडे वळतो, कारण बहुतेक हेडर येथेच फसतात. या इंजिनावर इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारी-शेजारी, एकाच पॅकिंगवर बसतात, आणि मधले स्टड (हेडमध्ये बसवलेले आटेदार दांडे) दोघांना सामाईक असतात. त्या स्टडवर एक जाड, रुंद वॉशर असतो. त्याचा अर्धा भाग इनलेटच्या फ्लँजवर आणि अर्धा एक्झॉस्टच्या फ्लँजवर टेकतो. दोन्ही फ्लँज एकाच जाडीचे असतील तर नट आवळल्यावर दाब सारखा वाटला जातो. पण बाजारातल्या हेडरचा फ्लँज इनलेटच्या फ्लँजपेक्षा एखादा मिलिमीटर पातळ निघाला, तर वॉशर तिरका होतो, सगळा दाब इनलेटवर जातो आणि एक्झॉस्टचा सांधा वरून घट्ट दिसूनही सैल राहतो. काही दिवसांत पॅकिंग जळते आणि थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज येऊ लागतो. मग तो आवाज टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा) समजून मालक टॅपेट पुन्हा पुन्हा जुळवत बसतो. उलट, हेडरचा फ्लँज जाड असेल तर इनलेटकडून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि आयडलिंग काही केल्या स्थिर राहत नाही.

म्हणून हेडर हातात आल्यावर सर्वांत आधी व्हर्नियरने दोन्ही फ्लँजची जाडी मोजावी. फरक असेल तर जाड फ्लँज घासून घ्यावा किंवा वॉशरला पायरी पाडून घ्यावी. यंत्रशाळेत हे काम अवघड नाही. त्यानंतर फ्लँजवर सरळपट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) फिरवावा. वेल्डिंगच्या उष्णतेने नवे फ्लँजही वाकलेले असतात, हे अनेकांना खरे वाटत नाही. मूळ बिडाचे मॅनिफोल्ड वापरणार असाल तर ते इनलेटबरोबर जोडीनेच पृष्ठभाग घासून सपाट करायला द्यावे, म्हणजे जाडीचा मेळ राहतो. पॅकिंग हेडवर धरून पोर्टाची कड आखावी आणि नळीचे तोंड पोर्टापेक्षा कोठेही लहान नाही याची खात्री करावी. धुराच्या वाटेत पुढे आलेली कड नुकसान करते. नळी किंचित मोठी असली तर मात्र चालते.

स्टेनलेस स्टील उष्णतेने बिडापेक्षा बरेच जास्त वाढते. अर्ध्या मीटरचा तुकडा 500 अंशांनी तापला तर बीड पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढते आणि 304 प्रतीचे स्टेनलेस सव्वाचार मिलिमीटर. फ्लँज हेडला चिकटून असल्याने इतका तापत नाही, पण नळ्या तापतात, आणि वाढीला वाट मिळाली नाही की वेल्डिंगजवळ चीर पडते. म्हणून फ्लँजची भोके स्टडपेक्षा थोडी मोठी असावीत आणि तिन्ही पोर्टांचा फ्लँज एकसंध पट्टी असेल तर तो पोर्टांच्या मध्ये कापून मोकळा करावा, असे माझे मत आहे. गिअरबॉक्सजवळ एक्झॉस्टला आधार देणारा ब्रॅकेट असतो, तो कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलते. तो आधार नसेल तर सगळ्या पाइपचे वजन आणि हिसके हेडरच्या मानेवर येतात.

उष्णतारोधक पट्टीच्या मी विरोधात आहे. ती उष्णता आत कोंडते, इंग्लंडच्या दमट हवेत ओल धरून ठेवते, आणि साध्या पोलादाचे हेडर तिच्याखाली कोणाला न दिसता गंजून कागदासारखे होते. त्याऐवजी नळ्यांना आतून-बाहेरून सिरॅमिक लेप द्यावा. खर्च जास्त आहे, पण बॉनेटखालचे तापमान खरोखर उतरते. एसयू कार्ब्युरेटर या इंजिनावर एक्झॉस्टच्या अगदी डोक्यावर बसलेले आहेत. पातळ नळ्या बिडापेक्षा लवकर तापतात आणि अधिक उष्णता फेकतात, त्यामुळे फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात) पेट्रोलची वाफ होऊन वाहतुकीत गाडी बंद पडण्याची तक्रार हेडर बसवल्यावरच सुरू होते. कार्ब्युरेटरमागचा उष्णतेचा पत्रा आणि उष्णतारोधक स्पेसर जागेवर ठेवावेत. हेडर बसत नाही म्हणून पत्रा कापून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि ती काटकसर महागात पडते. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा याच बाजूने जातो, तेथे अंतर आणखी काटेकोरपणे पाहावे लागते. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची असेल तर ही अडचण नाही.

जुने मॅनिफोल्ड उतरवताना घाई करू नये. स्टडवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, आणि नट हलत नसेल तर पान्यावर जोर देण्याऐवजी नटाला शेक द्यावा. स्टड हेडमध्ये तुटला तर तासाभराच्या कामाचे हेड उतरवण्याचे काम होते. डाउनपाइपला मूळचे पितळी नट असतात. त्यांच्या जागी पुन्हा पितळीच घ्यावेत, कारण ते स्टडशी गंजून एकजीव होत नाहीत. जोडणीनंतर इंजिन पूर्ण तापू द्यावे, पूर्ण निवू द्यावे आणि मग सगळे नट पुस्तिकेतल्या टॉर्कवर पुन्हा आवळावेत. पहिल्या काही फेरफटक्यांनंतर हे परत करावे. मिश्रण नव्याने तपासणे गरजेचेच आहे. कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम 0.8 मिलिमीटर उचलल्यावर फेऱ्या वाढून वाढलेल्याच राहिल्या तर मिश्रण श्रीमंत (पेट्रोल जास्त), लगेच पडल्या तर पातळ (पेट्रोल कमी), आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाल्या तर बरोबर. गाडी उतारावर सोडल्यावर मागून फटाके वाजत असतील तर मिश्रणाला हात लावण्याआधी सांध्यांची गळती शोधावी.

कायद्याबद्दल थोडेसे. इंग्लंडमध्ये आपली गाडी 40 वर्षांहून जुनी असल्याने तिला वार्षिक तपासणीतून सूट मिळू शकते, पण एक्झॉस्टमध्ये फेरफार करून आवाज वाढवणे तेथे नियमाविरुद्धच आहे. अमेरिकेतल्या, रबरी बंपरच्या आणि एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत मॅनिफोल्ड बदलणे म्हणजे प्रदूषण-नियंत्रणाच्या यंत्रणेला हात लावणे, आणि कॅलिफोर्नियात 1976 पासूनच्या गाड्यांना त्यासाठी तपासणीला सामोरे जावे लागते. भारतात 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती गाडी मूळ स्वरूपात असेल तरच. पुण्या-मुंबईकडे अशी नोंदणी हवी असणाऱ्यांनी बिडाचे मॅनिफोल्ड गाडीवरच ठेवणे शहाणपणाचे.

आपल्या मॅनिफोल्डला चीर गेलेली नसेल, तर माझा सल्ला असा: हे पैसे हेडवर खर्च करावेत, व्हॉल्व्ह-सीटचे काम करून पोर्ट मोकळे करून घ्यावेत, डिस्ट्रिब्युटर ठिणगी किती आधी टाकतो ते तपासून घ्यावे आणि जुने मॅनिफोल्ड साफ करून, पृष्ठभाग सपाट करून पुन्हा बसवावे. हेडर आधीच मागवून झाले असेल, तर त्याच्या आणि इनलेटच्या फ्लँजची जाडी मोजून येथे लिहावी, म्हणजे वॉशरला किती पायरी पाडायची ते नेमके सांगता येईल.