बाबांना घेऊन पहिल्यांदा गळ टाकायला जाताय ना, मग एवढं वाचा

भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरवर जाताय हे बेस्ट, नवीन माणसाला चिलापीसारखा मासा नाही, काठाजवळ येते आणि गांडुळाला पटकन लागते. कटला, मरळ वगैरे नंतर बघू, महागडा रॉड आणि रीलही आत्ता नको. बांबूची काठी, बारीक तंगूस (नायलॉनची दोरी), छोटा गळ, फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण, मासा लागला की हलते) आणि चिमूटभर शिसं, बास. फ्लोट नसेल तर थर्माकोलचा तुकडा किंवा मोरपिसाची काडी चालते.

सगळ्यांची पहिली चूक म्हणजे मोठा गळ आणि त्यावर अख्खं गांडूळ, चिलापीचं तोंड लहान असतं हो, ती नुसती शेपूट कुरतडून जाते, म्हणून अर्धा इंच तुकडा लावा आणि गळाचं टोक झाकलं जाईल असं बघा.

दुसरी, दर दहा मिनिटांनी जागा बदलणं. अर्धा तास तरी एका जागी बसा.

आणि फ्लोट थरथरला की लगेच ओढू नका, पूर्ण बुडू दे मग मनगटाने हलका झटका.

आता बाबांचं. पाणी उतरलं की काठाचा गाळ वरून सुकलेला दिसतो पण पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, माझे वडील असेच अडकले होते, तेव्हा बसायला आधी कडक जागा शोधा, पाठ असलेली फोल्डिंग खुर्ची न्या, आणि पहाटे जाऊन दहाच्या आत सावलीत या. शिंगाडा (मिशावाला काटेरी मासा) लागला तर बाबांना हात लावू देऊ नका, काटा फार झोंबतो, पक्कडीने गळ काढा. आणि आधी तिथल्या मच्छीमारांना विचारून बसा, जागा पण तेच दाखवतात. पहिला मासा बाबांना काढू द्या!