पाळी जाताना अंगातून वाफा येतात. शतावरी घेऊ की ब्लॅक कोहोश?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजले: वय ४८, सात-आठ महिने पाळी नाही, दिवसभरात केव्हाही छातीपासून डोक्यापर्यंत वाफ चढते, रात्री उशी भिजते. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे. हार्मोनच्या गोळ्यांची भीती वाटते. नणंद म्हणते शतावरी घे, ऑफिसमधली मैत्रीण म्हणते ब्लॅक कोहोशची बाटली ऑनलाइन मागव. कुणाचं ऐकायचं?

मी शतावरी घेतली आहे आणि अजूनही अधूनमधून घेते. ब्लॅक कोहोश घेतलेलं नाही, तुमच्या जागी असते तरी घेतलं नसतं. मी डॉक्टर नाही. दादरला एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. शिक्षण संपल्यापासून काउंटरमागेच उभी आहे आणि माझी पाळी जाऊनही आता काही वर्षं झाली.

आधी हे होतं कशाने ते बघू. पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन खालीवर होत कमी होतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा एक भाग असतो, तो त्यामुळे हळवा होतो. एरवी ज्या किरकोळ उष्म्याकडे त्याने लक्षही दिलं नसतं, त्यावर तो आता शरीर तापलंय अशी हाकाटी करतो. मग त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तोंड लाल होतं, धडधडतं, घाम फुटतो आणि पाठोपाठ कधी हुडहुडीही भरते. मुंबईत त्रास अधिक जाणवतो, कारण इथल्या दमट हवेत आलेला घाम वाळतच नाही. सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात ऑक्टोबरमध्ये सगळ्याच घामाघूम असतात, पण आपल्याला आतून भडका उठलेला असतो आणि शेजारची म्हणते, "अहो, सरका ना थोडं!"

आता मुद्द्याचं. या वाफा आपल्या आपणही कमीजास्त होतात. एखादा आठवडा नकोसा जातो, पुढच्यात चार दिवस काहीच नाही. आपण औषध सुरू करतो ते त्रास अगदी टोकाला गेल्यावर, म्हणजे तो तसाही थोडा उतरणार असतो तेव्हाच. म्हणून या वाफांवरच्या चाचण्यांमध्ये नुसत्या साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांचा त्रासही एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी झालेला दिसतो. त्या बायका खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच बरं वाटलेलं असतं. पण कुणी "मला अमक्याने आठवड्यात फरक पडला" म्हणालं, की ही गोष्ट लक्षात असू द्या. माझ्या अनुभवालाही हेच लागू आहे.

शतावरी आपल्याकडे नवी नाही. बाळंतिणीला दुधातून शतावरी कल्प द्यायची पद्धत तुमच्याही घरात असेल. पण कल्प म्हणजे शतावरीत मुरवलेली साखर. डब्यामागचं साखरेचं प्रमाण वाचलंत तर चकित व्हाल. या वयात वजन आणि रक्तातली साखर दोन्ही चढायला बघत असतात, मधुमेह असेल तर कल्प नकोच. घ्यायचंच तर साधं शतावरी चूर्ण घ्या, ज्याच्या लेबलवर शतावरीखेरीज दुसरं काही नाही असं. मी लहान अर्धा चमचा चूर्ण कोमट दुधात घालून झोपण्याआधी घ्यायचे. झोप बरी लागायला लागली. वाफांमध्ये मात्र फरक जाणवला नाही. झोपेचं श्रेयही पूर्ण शतावरीला देता येत नाही, कारण त्याच सुमारास दुकानातला संध्याकाळचा चहा सोडला होता आणि रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवायला लागले होते.

शास्त्रीय पुरावा म्हणाल तर शतावरीवर अभ्यास झालेत, पण ते लहान आहेत, थोड्या दिवसांचे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यासोबत आणखी दोन-तीन वनस्पती मिसळलेल्या आहेत. तेव्हा गुण कशाचा, हे सांगता येत नाही. आयुर्वेदातही रजोनिवृत्ती हा रोग म्हणून मांडलेला नाही. सुश्रुताने बाराव्या वर्षाच्या सुमारास रज सुरू होतं आणि पन्नाशीला जरेबरोबर क्षीण होतं, एवढंच सांगितलं आहे. त्यामुळे "प्राचीन ग्रंथातलं मेनोपॉजचं औषध" असं छापलेल्या डब्यावर माझा विश्वास नाही. चांगला वैद्य तुमची प्रकृती, झोप, पोट सगळं विचारून ठरवतो. वरळीला सरकारी पोदार आयुर्वेद रुग्णालय आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पाककृतीपेक्षा तिथल्या ओपीडीत बसणं केव्हाही बरं.

ब्लॅक कोहोश ही उत्तर अमेरिकेच्या जंगलातली वनस्पती. तिथले मूळ रहिवासी तिचं मूळ वापरायचे, पुढे जर्मनीत १९५० च्या दशकात तिच्या गोळ्या निघाल्या. आपल्या वैद्यकीत तिला स्थान नाही, त्यामुळे "आयुर्वेदिक आहे" म्हणून कुणी देत असेल तर तिथेच थांबा. २०१२ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या संस्थेने तिच्यावरच्या १६ चाचण्या एकत्र तपासल्या, दोन हजारांवर बायका होत्या त्यात. खोट्या गोळीपेक्षा ती सरस आहे असं म्हणण्याजोगं काही निघालं नाही. शिवाय ती घेणाऱ्या काही जणींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. असं क्वचित होतं, तरी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात बाटलीवर तसा इशारा छापावा लागतो. त्यातून तिच्या नावाखाली तिच्याच कुळातली स्वस्त आशियाई वनस्पती भरल्याचंही आढळलेलं आहे. गुण अनिश्चित, बाटलीत काय आहे तेही अनिश्चित, आणि किंमत हजाराच्या घरात. मैत्रिणीला सांगा, त्या पैशांत दोन चांगल्या सुती साड्या येतात.

तुमच्या बाबतीत माझं लक्ष थायरॉइडच्या गोळीवर जास्त जातं. तिचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तरी घाम येतो, धडधडतं, झोप उडते, जीव कासावीस होतो. अगदी मेनोपॉजसारखंच. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची ती रक्ततपासणी, शेवटची केव्हा केलीत? सहा महिने उलटून गेले असतील तर कुठलंही चूर्ण उघडण्याआधी ती तपासणी करा. "स्त्रियांसाठी खास" म्हणून जी मिश्र कॅप्सूल विकली जाते तिच्यात बहुतेकदा अश्वगंधा असते, आणि अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. थायरॉइडची गोळी चालू असताना ती स्वतःच्या मनाने घेऊ नका. सोयाबीनही या वयात खूप सुचवतात. जेवणात सोयाबीन किंवा टोफू खा, काही वाईट नाही, कुणाला थोडा उपयोग होतो, कुणाला नाही. फक्त सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतल्यावर लगेच सोया नको. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर तिच्यापासून चार तास लांब ठेवा. दोन्ही एकत्र गिळणाऱ्या बायका मला रोज भेटतात, आणि मग थायरॉइड ताब्यात का येत नाही म्हणून डोस वाढत राहतो.

लेबल कसं वाचायचं तेही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. आयुर्वेदिक औषधावर आयुर्वेदिक औषध असं लिहिलेलं असतं आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. १४ आकडी एफएसएसएआय (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) क्रमांक दिसला तर ते कायद्याने औषध नाही, खाण्याचं पूरक आहे, मग पुढे पानाफुलांचं चित्र कितीही असो. घटकांत कुठे भस्म, रस, सिंदूर असं धातूंचं काही दिसलं तर वैद्याच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ती दक्षिण आशियातच बनलेली होती. सुट्या पुड्यांचं तर विचारूच नका, कागदावर ना तारीख ना नाव.

घेऊन बघायचंच असेल तर एका वेळी एकच गोष्ट. शतावरी, जवस, मेथी, योगा, सगळं एकाच सोमवारी सुरू केलंत तर काही कळणार नाही. सुरू करण्याआधी पंधरा दिवस स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात रोज किती वेळा वाफ आली तो आकडा लिहा, रात्री उठावं लागलं तर फुली मारा. मग सुरू करा आणि दोन-तीन महिने लिहीत राहा. आकडा हलला नाही तर बंद करा. डोळे किंवा लघवी पिवळी झाली, अन्नावरची वासना गेली, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे. आणि डॉक्टरांना चूर्णाचं नाव सांगायला लाजू नका, नाहीतर बिचारे दुसरीकडेच शोधत बसतात.

हार्मोनची भीती कुठून आली तेही सांगायला हवं. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला आणि जगभर बातमी झाली की या गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग होतो. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटलेलं. आणि वाढलेला धोका होता वर्षाला दर १०,००० बायकांमागे आठ जास्त. धोका नाही असं नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांना, रक्ताच्या गुठळ्या किंवा पक्षाघात झालेल्यांना, यकृताचा आजार असलेल्यांना सहसा देत नाहीत. पण साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत असलेल्या निरोगी बाईसाठी हिशेब वेगळा आहे, आणि वाफांवर याहून जास्त गुणकारी दुसरं काही नाही. ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी बिनहार्मोनची औषधंही आहेत. नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत वाफांना आवर घालतात. डॉक्टरांनी ती लिहून दिली म्हणजे तुम्हाला वेडी ठरवलं असं समजू नका.

एक विषय तुम्ही विचारला नाहीत, पण काउंटरवर मी रोज बघते. दुकानात पुरुष गिऱ्हाईक नसेल तेव्हाच बाई पुढे येते, मोबाइलवरचा फोटो दाखवते आणि म्हणते, "हे आहे का?" योनीतला कोरडेपणा, जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, वरचेवर लघवीच्या जागी आग होणं. याला कुठलंही चूर्ण पुरत नाही आणि हे वाफांसारखं आपोआप ओसरतही नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिथेच लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम असतं, ते रक्तात फारच थोडं जातं. तोवर नुसतं मॉइश्चरायझर आणि वंगणाचं जेल चिठ्ठीशिवाय मिळतं. पाकीट अपारदर्शक पिशवीत घालून द्यायला आम्ही तयारच असतो.

रात्रीच्या घामाचं अजून एक. सोबत संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असं काही असेल तर ते मेनोपॉजवर ढकलू नका, क्षयाची तपासणी करून घ्या. मुंबईत राहतो आपण, गर्दीत फिरतो. तसंच सलग १२ महिने पाळी आली नाही की मग ती गेली असं धरतात. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, "गरमीने झालं असेल" म्हणून गुळवेल पीत बसायचं नाही. तुमचे बारा महिने अजून व्हायचे आहेत, म्हणजे दिवस राहण्याची शक्यताही पूर्ण संपलेली नाही. हसू नका, पन्नाशीच्या तोंडावर प्रेग्नन्सी टेस्टचं पाकीट नेणाऱ्याही येतात.

तर क्रम असा लावा: आधी टीएसएच, आणि त्याच रक्तात साखर आणि यकृताची तपासणीही सांगा. ते ठीक निघालं की नणंदेची शतावरी, चूर्ण, रात्री, थोडी. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर तीही डॉक्टरांना विचारूनच. रिपोर्ट आला की टीएसएचचा आकडा आणि गोळीची सध्याची मात्रा इथे लिहा. आकडा फार खाली आला असेल, म्हणजे गोळी जास्त होत असेल, तर आधी ती मात्रा बदलून घ्यावी लागेल, शतावरीचं मग बघू.