हाक कुणाची, हे कसं ओळखायचं?

सातारा

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

मिरजेत नर्सिंगला प्रवेश घ्यावा की पुण्याच्या कंपनीतली नोकरी धरावी, हे ठरेना म्हणून तू डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलंस आणि बोट पडलं ती ओळ देवाचं उत्तर मानायला निघालास. तसं पुन्हा करू नकोस. वचन चिठ्ठी काढल्यासारखं काढायचं नसतं, रोज ओळीने वाचायचं असतं. शुभवर्तमान असं सलग वाचत गेलं की प्रभूची बोलायची रीत कानात बसते. मग मनात उठलेला विचार त्या रीतीचा आहे की आपल्याच भीतीचा, हे हळूहळू कळू लागतं.

पहिल्या शमुवेलाचा तिसरा अध्याय काढ. तीन वेळा देवाची हाक आली आणि तिन्ही वेळा पोरगा शमुवेल उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावला. हाक खरी होती, पोराचं मनही निर्मळ होतं, तरी ओळख पटली नाही. ती पटवून दिली एलीने, ज्याची नजर मंद झाली होती आणि ज्याचे स्वतःचे मुलगे हाताबाहेर गेले होते. बरं, निरोप आला तो त्याच्याच घराण्याविरुद्ध! तरी त्याने तो पोराकडून पूर्ण वदवून घेतला आणि मान तुकवली. असं वडीलधारं माणूस तुझ्या मंडळीत शोध. पाळकसाहेबांशी बोल. खोलीत एकट्याने निर्णय घेऊ नकोस.

मिरजेला मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या वॉनलेस डॉक्टरांचा वारसा आहे म्हणून तेच बोलावणं, असं मनाशी जुळवू नकोस. पुण्यात पगार आहे म्हणून ती वाट देवाची नाही, असंही नाही.

आणि घाई नको. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हाती आगगाडीत नवा करार आला १८९३ साली, बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा तर १९०० साली. नवऱ्याची खात्री त्यांनी उसनी घेतली नाही, त्यांना स्वतःला पटायला वेळ लागला. मला त्यांचं हे फार मोलाचं वाटतं. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि इथे साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' उभा केला. त्यानंतर आयुष्य दोनच वर्षांचं उरलंय, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? पुढचं पाऊल दिसलं, ते त्यांनी टाकलं.

प्रवेश नाकारला गेला तरी देव गप्प बसला असं समजू नकोस. प्रेषित पौलाला पवित्र आत्म्याने आधी आशिया प्रांतात वचन सांगू दिलं नाही, मग बिथुनियात जाऊ दिलं नाही, त्यानंतर 'इकडे ये' म्हणणारा मासेदोनियाचा माणूस दृष्टान्तात दिसला. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय.

एक मात्र खटकलं. एवढ्या लांबलचक पत्रात आईचं नाव कुठेच नाही. तू पुण्याला गेलास तर तिच्याजवळ कोण? रविवारी उपासनेहून आल्यावर तिच्याशी निवांत बोल, ती काय म्हणते ते मध्ये न तोडता ऐक. मग प्रवेशाच्या शेवटच्या तारखेसकट मला कळव. तोवर रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहे.

तुझा,
काका