पहिल्यांदाच मित्राच्या लग्नाचे फोटो काढायचे आहेत. जवळ जुना क्रॉप सेन्सर (म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर लहान असलेला) कॅमेरा आणि 18-55 झूम लेन्स आहे. 80 हजारांत फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) घ्यावा का?

घेऊ नका. लग्न पुढच्या महिन्यात असेल तर मुळीच नको. एवढं ठासून का सांगतोय, तर माझ्या मावसबहिणीच्या अल्बममध्ये अंतरपाटाचा फोटो नाही, आणि त्याला कारण मी.

2017 चा मे महिना, तिचं लग्न. बेळगावात खानापूर रोडवरचं कार्यालय, गोरज मुहूर्त. माझ्याकडे तुमच्यासारखाच कॅमेरा होता, वर 50 एमएम एफ 1.8 लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). गल्लीतल्या गणपतीत, बारशात, रात्रीच्या आरतीत त्यावर दोन वर्षं हात बसलेला. लग्नाच्या आठ दिवस आधी तिचा थोरला भाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, म्हणाला, "त्या डबीनं लगीन काढतोस काय रे? पावणे नावं ठेवतील की." आणि स्वतःच्या पैशानं एका दुकानातून फुल फ्रेम आणि 24-70 लेन्स भाड्यानं आणला. माझ्या हातात तो आला लग्नादिवशी दुपारी चारला. लेन्ससकट पावणेदोन किलोच्या आसपास वजन. मीही हुरळलो, खोटं कशाला बोलू.

आधी ज्यानं तो भाड्यानं नेला होता, त्यानं फोकस मागच्या बटणावर देऊन ठेवला होता. शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस होतो ही माझ्या बोटाची सवय. इथं ते बटण नुसतं क्लिक करत होतं, फोकस अंगठ्याखालच्या बटणावर. मागच्या स्क्रीनवर लहान फोटो बरा दिसतो, आणि मंगलाष्टका सुरू असताना मोठा करून बघायला कुणाला सवड असते? शेवटचं "शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट बाजूला गेला, अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली, तिनं हार घातला. जेमतेम काही सेकंदांचा खेळ. 23 फोटो काढले. सगळ्यांत नवरा-नवरी पुसट आणि मागच्या थर्माकोलच्या खांबावरची नक्षी लख्ख.

कन्यादानाला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं. भाड्याचा कॅमेरा पिशवीत टाकला आणि माझा काढला. मावशीच्या हातातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेचा फोटो त्या "डबी"चा आहे, आज त्यांच्या वडगावच्या घरात दर्शनी भिंतीवर लावलाय. अंतरपाटाच्या पानावर मात्र व्हिडिओतून उचललेलं चित्र आहे.

दादा अजून म्हणतो, "कॅमेरा भारीच होता, तुलाच जमला नाही." नाही जमला, कबूल. पण जो कॅमेरा तीन तासांपूर्वी हातात आला तो मुहूर्ताला कुणालाच जमत नाही, हे त्यानं आजवर मान्य केलेलं नाही.

आता हिशेब बघा. फुल फ्रेमचा सेन्सर क्रॉपपेक्षा सव्वादोन ते अडीचपट मोठा, उजेडाचा फायदा साधारण तेवढाच. तुमची 18-55 पुढं झूम केली की एफ 5.6 वर अडकते. एफ 1.8 ची लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते, आणि किंमत कॅमेऱ्याच्या मानानं किरकोळ. म्हणजे पैसा लेन्सवर घाला. दुसरा खर्च डोकं वळवता येणाऱ्या फ्लॅशचा. तो पांढऱ्या छताकडे मारा. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात वर मारलात तर सगळ्यांच्या तोंडावर तोच रंग येईल, तिथं मागची पांढरी भिंत शोधा. फ्लॅश लावून शटरचा वेग 1/200 सेकंदाच्या वर नेला तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोत काळा पट्टा येतो.

अंतरपाटाला उभं राहायचं ते कापडाच्या कडेच्या रेषेत, म्हणजे दोघांचे चेहरे बाजूनं मिळतात. नेमकी तिथंच भटजींची जागा, म्हणून त्यांना आदल्या दिवशी भेटा. आपल्या भागात एक घर मराठी, दुसरं कन्नड असं सर्रास असतं. कन्नड घरांत बऱ्याच ठिकाणी अंतरपाट हटला की नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात. हे माहीत नसेल तर तुम्ही हार घालायची वाट बघत बसाल आणि तो क्षण निघून जाईल. लिंगायतांकडचं लग्न असेल तर लग्न लावणाऱ्या जंगम स्वामींना विचारा. हे कुठल्याच कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात मिळत नाही.

थोडं दादाच्या बाजूनंही सांगायला हवं. क्रॉपवर 50 ची लेन्स 75-80 सारखी अरुंद दिसते, स्टेजवरचा पंधरा माणसांचा फोटो तिच्यात मावत नाही, त्याला तुमची 18-55 आणि फ्लॅशच लागणार. एफ 1.8 वर दोघांपैकी एकाचा चेहरा पुसट होऊ शकतो, जोडीला 2.8 च्या पुढं जा. आणि तुम्ही एकटेच फोटोग्राफर असाल तर मित्राला स्पष्ट सांगून दुसरा माणूस घ्या. आपल्या जुन्या कॅमेऱ्यांत बहुधा एकच कार्ड बसतं, ते बिघडलं तर सगळं गेलं. हळदीचं कार्ड वेगळं, लग्नाचं वेगळं ठेवा, आणि दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय एकही फॉरमॅट करू नका.